‘धंदा : शेती’ असे लिहिताना

पीककर्जाचा अर्ज असो, नाहीतर मुलाच्या शाळेचा फॉर्म असो, ‘धंदा’ या रकान्यासमोर आपण ‘शेती’ असे लिहून मोकळे होतो. मात्र सोयरिकीच्या बैठकीत मुलगा काय करतो असे कोणी विचारले, की त्याचाच बाप म्हणतो, ‘काही नाही, शेती बघतो.’ डॉक्टरचा किंवा वकिलाचा बाप ‘काही नाही’ असे कधी म्हणत नाही. शेतीला खरोखर व्यवसाय म्हणायचे असेल तर त्या शब्दात काय काय येते, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

ट्रॅक्टर घेतला, ठिबक बसविले, नगदी पीक लावले म्हणजे शेती व्यावसायिक झाली, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. ही साधने झाली. वीस गुंठ्यांत भाजीपाला करणारा शेतकरी पुरा व्यावसायिक असू शकतो आणि पन्नास एकरांचा बागायतदार नसूही शकतो. शिंप्याने शिवलेला सदरा गिऱ्हाईक अंगात घालून पाहते; उसवला तर परत आणते. डॉक्टरने दिलेले इंजेक्शन योग्य की अयोग्य, हे मात्र रोग्याला कळत नाही. तो विश्वासावर दंड पुढे करतो. जेथे घेणाऱ्याला माल पारखता येत नाही, तेथे देणाऱ्याने स्वतःहून नियम पाळावे लागतात. शेतमालही याच जातीचा आहे. द्राक्षाचा आकार, रंग, गोडी गिऱ्हाइकाला समजते. त्यावर काय फवारले आणि केव्हा फवारले हे त्याला कधीच दिसत नाही.

द्राक्ष बागायतदारांना हा धडा २०१० साली फार महाग पडला. खरड छाटणीनंतर वेलीची शाकीय वाढ आवरावी आणि घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो ते संजीवक, वर्षानुवर्षे वापरले जात होते. वापर एप्रिल-मेच्या सुमारास आणि काढणी पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधे आठ-दहा महिने जातात. एवढ्या काळात काय उरणार, असे सर्वांनाच वाटे. परंतु हे रसायन वेलीच्या खोडात व काड्यांत दीर्घकाळ टिकते आणि तेथून मण्यांत उतरते. युरोपात द्राक्षासाठी त्याची कमाल मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. त्या हंगामात आपल्या मालात त्याहून अधिक अवशेष सापडले, कंटेनर अडकले आणि भाव कोसळले. इतर औषधांची तपासणी होत होती; हे नाव तपासणीच्या यादीत नव्हते. यात एकट्या शेतकऱ्याला दोष देणे बरोबर नाही. शिफारस करणारे, तपासणारे, खरेदी करणारे असे सगळेच त्यात आले. पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट झाली. ज्याच्या वहीत प्रत्येक वापराची तारीख व मात्रा होती, त्याला निदान आपल्या बागेत काय झाले हे सांगता येत होते. ज्याच्याकडे वही नव्हती, त्याच्याकडे फक्त आठवण होती.

नोंदवहीचे महत्त्व म्हणूनच आहे. अपेडाच्या ग्रेपनेट योजनेत २००६ पासून निर्यातीच्या बागांची नोंदणी होते व पेटीवरून प्लॉटपर्यंत माग काढता येतो. निर्यातदार मागतो म्हणून वही लिहिणारे बरेच आहेत. काही ठिकाणी ती हंगामाच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनाने लिहून काढली जाते! अशा वहीचा उपयोग मालकालाही होत नाही. फवारणी झाली त्याच संध्याकाळी तारीख, प्लॉट, पिकाची अवस्था, कोणती कीड वा रोग दिसला, औषधाचे व्यापारी नाव व त्यातील घटक, बॅच क्रमांक, मात्रा, किती लिटर पाणी लागले आणि कोणी फवारले, एवढे लिहावे. पाच मिनिटे लागतात.

खरी कसोटी मात्र काढणीच्या वेळी लागते. वांग्याचे उदाहरण घ्या. वांग्याचा तोडा चार-पाच दिवसांनी येतो. शेंडा व फळे पोखरणारी अळी दिसली म्हणून फवारणी केली आणि औषधाच्या लेबलवर काढणीपूर्व प्रतीक्षेचा काळ दहा दिवसांचा असला, तर मधले दोन तोडे बाजारात नेता येत नाहीत. नेमका त्याच आठवड्यात भाव चढतो. व्यापारी बांधावर येऊन रोख पैसे दाखवितो. ‘कोणाला कळणार आहे?’ हा प्रश्न तेथे उभा राहतो आणि त्याचे उत्तर ‘कोणालाच नाही’ हेच असते. यासाठी आधीच नियोजन करावे. कीडग्रस्त शेंडे व फळे वेळोवेळी काढून नष्ट करावीत, कामगंध सापळे लावावेत. तोडा आधी करून मग फवारणी करावी आणि वांग्यासाठी शिफारस असलेले, कमी प्रतीक्षाकाळाचे औषध निवडावे. पाळी आणीबाणीवर आली की नियम पाळणे महाग होते.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. घरच्या खाण्यासाठी कडेची एक ओळ बिनफवारणीची ठेवण्याची रीत अनेक गावांत आहे. ती कोणापासून लपलेलीही नाही. जो माल आपल्या लेकराला देववत नाही, तो दुसऱ्याच्या लेकरासाठी हारीत भरणे याला धंदा म्हणता येईल, व्यवसाय म्हणता येणार नाही. निर्यातीचा प्लॉट एका नियमाने व स्थानिक बाजाराचा दुसऱ्या नियमाने, ही सवयही याच वर्गातली. नाशिकची मंडई असो वा रॉटरडॅमचे बंदर, खाणाऱ्याचे पोट सारखेच.

जबाबदारी फक्त खाणाऱ्यापुरती नाही. पंप पाठीवर घेणाऱ्याचीही आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट, दोन-तीन औषधांचे मिश्रण आणि अंगावर साधा सदरा, अशी ती परिस्थिती होती. फवारणीस मजूर लावला की हातमोजे, मुखपट्टी, चष्मा व पूर्ण बाह्यांचे कपडे देणे ही मालकाची जबाबदारी समजावी. डब्यावरील त्रिकोणाचा रंग मजुरास दाखवावा : लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असा अर्थ मात्र काढू नये.

हिशेबाबद्दल या मासिकात वारंवार लिहिले गेले आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. घरच्या माणसांची मजुरी, स्वतःच्या बैलांचे दिवस आणि जमिनीचा खंड खर्चात धरल्याशिवाय नफा झाला असे म्हणू नये.

व्यवसायाची आणखी एक खूण म्हणजे विद्या झाकून न ठेवणे. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हे वाण थॉमसन सीडलेसमधून आपल्या शेतकऱ्यांनीच निवडले. काड्या एकमेकांना दिल्या म्हणून ते बागोबाग पोहोचले. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाच्या चर्चासत्रांत छाटणीपासून विक्रीपर्यंत सगळ्यावर उघड बोलले जाते. भाजीपाला, कपाशी व सोयाबीन उत्पादकांनीही गावपातळीवर असे गट करावेत. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी शेतात जमावे, सर्वांनी आपापल्या वह्या बरोबर आणाव्यात आणि फसलेल्या फवारणीचे पान प्रथम वाचावे. अडलेला प्रश्न असेल तर रोगट पान वा कीड कागदी पिशवीत घालून, वहीसह, जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात न्यावी. दुकानात विचारण्यापूर्वी न्यावी.