शब्द शेवटच्या रांगेपर्यंत : मिक्सरची जोडणी कशी करावी?

वस्तीतला कार्यक्रम जयंतीचा असो, दहावी-बारावीच्या मुलामुलींच्या सत्काराचा असो की गायन पार्टीचा; त्यासाठी घरोघरी फिरून वर्गणी गोळा केलेली असते. मंडप सजतो, पाहुणे येतात. एखादी भगिनी धीर करून बोलायला उभी राहते, पण तिचे शब्द चौथ्या रांगेपुढे जात नाहीत. मध्येच स्पीकर शिट्टी मारतो. लोक कानांवर हात ठेवतात, मागे कुजबुज सुरू होते आणि ती बिचारी भाषण आवरते घेते. आपण यंत्राला नावे ठेवतो. पण पुष्कळदा दोष जोडणीत असतो, आणि जोडणी नववी-दहावीतल्या मुलामुलींनाही शिकता येते.

मिक्सर करतो काय?

मिक्सर म्हटले की आपल्याला वाटण करणारे यंत्र आठवते. इथे वाटण आवाजाचे असते. प्रत्येक माइक आणि वाद्य मिक्सरमध्ये आपापल्या वाटेने येते. त्या वाटेला चॅनेल म्हणतात. कोणाचा आवाज किती ठेवायचा हे ठरवून मिक्सर सर्वांचे मिळून एक मिश्रण अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवतो. चार ते आठ चॅनेलचे छोटे मिक्सर पिशवीत मावतात आणि वस्तीतल्या कार्यक्रमाला पुरतात.

आधी वीज तपासा

स्पीकरमधून 'घूं' असा आवाज येऊ लागला की काही जण प्लगची जाड पिन काढून टाकतात. असे कधीही करू नये. ती अर्थिंगची पिन आहे. अर्थिंग नसताना यंत्रात बिघाड झाला, तर वीज माइकच्या धातूच्या भागात उतरू शकते, आणि गायकाचे ओठ त्याच माइकला लागलेले असतात. यात जीवही जाऊ शकतो. खांबावर आकडा टाकून वीज घेणे याच कारणाने धोक्याचे आहे.

मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर आणि कीबोर्ड यांना अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावरून वीज द्यावी. दोन वेगळ्या घरांतून वीज घेतली की 'घूं' येण्याची शक्यता वाढते. माइकच्या वायरी विजेच्या वायरींना लागून टाकू नयेत. ओलांडाव्याच लागल्या तर आडव्या ओलांडाव्यात.

वायरी कुठे लावायच्या?

सर्व यंत्रे बंद ठेवा आणि सर्व बटणे खाली आणा. माइकसाठी तीन पिनांची गोल एक्सएलआर वायर वापरावी. तिच्यात एकच आवाज दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो. वाटेत शिरलेली खरखर दोन्ही तारांत सारखीच असते, म्हणून मिक्सर ती वजा करू शकतो. त्यामुळे वीस-पंचवीस मीटर लांबूनही आवाज स्वच्छ येतो.

कीबोर्ड जाड पिनेने, म्हणजे पी-३८ ने, 'लाइन' लिहिलेल्या जागी लावावा. मोबाइलवरून गाणे लावायचे असेल तर तो फ्लाइट मोडवर ठेवावा, नाहीतर भर कार्यक्रमात रिंग वाजेल. मिक्सरच्या 'मेन आउट'ची वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या 'लाइन' किंवा 'ऑक्स'मध्ये जाते. ती माइकच्या जागी लावली तर आवाज फाटतो.

काही मिक्सरवर ४८ व्होल्टचे बटण असते. ते कंडेन्सर जातीच्या माइकसाठी आहे. आपल्याकडचे हातात धरायचे साधे माइक बहुधा डायनॅमिक असतात. त्यांना ते लागत नाही.

चालू करताना आधी मिक्सर, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना आधी अ‍ॅम्प्लिफायर, शेवटी मिक्सर. क्रम चुकला की 'धाड्' असा आवाज होतो आणि त्यात स्पीकर निकामी होऊ शकतो.

आवाज बसवणे

एका वेळी एकच माइक घ्या. 'हॅलो, माइक टेस्टिंग' पुरेसे नाही. वक्त्याला खरोखर बोलायचे तसे बोलू द्या. चॅनेलचे बटण शून्याच्या खुणेवर ठेवा आणि 'गेन' हळूहळू वाढवा. लाल दिवा लागला की थोडे मागे या. गेन कमी राहिला तर आवाजाबरोबर खरखर वाढते. जास्त झाला तर आवाज मुळातच फाटतो, मग पुढे कितीही कमी करा, तो सुधारत नाही.

बेस वाढवण्याची आपल्याकडे फार हौस आहे. तो ढोलकीला शोभतो, पण त्याच्याखाली भाषणातली क, ट, त, स ही अक्षरे बुडतात. भाषणाला बेस कमी ठेवावा, 'लो कट' बटण असल्यास दाबावे आणि इको पूर्ण बंद करावा. इको गाण्यापुरता ठेवावा.

शिट्टी का वाजते?

स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, वाढून बाहेर येतो, पुन्हा शिरतो. हे चक्र म्हणजे ती शिट्टी. त्यासाठी स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून आणि त्यांच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवावेत. माइकची जाळी मुठीत धरू नये. तो तोंडापासून चार बोटांवर असावा. ज्या माइकवर कोणी बोलत नाही, तो बंद ठेवावा.

कान आणि कायदा

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सरकारने वर्षातल्या ठराविक दिवशी १२ पर्यंत सवलत दिली असेल तेवढाच अपवाद. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, तर रात्रीची ४५ आहे. लहान मुलांना स्पीकरच्या पुढ्यात बसवू नये. जोडणी नीट झाली की शब्द कमी आवाजातही कळतात.

मिक्सर मंचामागे न ठेवता श्रोत्यांमध्ये ठेवावा, कारण लोकांना काय ऐकू येते ते तिथेच कळते. हे काम एका मुलावर आणि एका मुलीवर सोपवावे. प्रत्येक वायरीवर चिकटपट्टी लावून नाव लिहावे आणि जोडणीचे चित्र वहीत काढून ठेवावे. कार्यक्रम सुरू झाला की दोघांपैकी एकाने शेवटच्या रांगेत जावे आणि तिथे बसलेल्या आजीला विचारावे, "आजी, काय बोलतात ते समजतं का?" त्या 'नाही' म्हणाल्या, तर मिक्सरकडे परत यावे.