रिम मोठी, चाक तेवढेच

जुन्या स्पोर्ट्स कारला मोठ्या रिम लावल्या की चाकही मोठे होणार, असे अनेकांना वाटते. खरे तर टायरसकट बाहेरचा व्यास जवळपास मूळचाच ठेवायचा असतो. साडीचा पन्हा ठरलेला असतो. काठ रुंद घेतले की मधला भाग अरुंद होतो, तसेच.

1970च्या दशकातील पोर्शे 911 घ्या. तिच्या 15 इंची रिमवर 185/70 टायर असे. व्यास सुमारे 640 मिलिमीटर. यातला 70 हा आकडा मिलिमीटर समजला जातो, पण तो प्रोफाइल (भिंतीच्या उंचीचे रुंदीशी टक्केवारीतले प्रमाण) आहे. 16 इंची रिमवर 205/55 घेतल्यास व्यास 632 भरतो. 185/70च ठेवला तर तो 665 होईल आणि ताशी 100 किलोमीटर वेगाला स्पीडोमीटर साधारण 96 दाखवेल. शिवाय वळताना टायर मडगार्डला घासू शकतो.