वर्गाचे दुखणे वर्गातच शोधा!

सीमाभागातील मराठी शाळांविषयी आपण पुष्कळ बोलतो. घटती पटसंख्या, रिकाम्या जागा, उशिरा येणारी पुस्तके यांबद्दल निवेदने दिली जातात. ती दिलीच पाहिजेत. पण शाळेचे सगळेच प्रश्न सरकारदरबारी सुटत नाहीत. चौथीतला मुलगा अडखळत वाचतो, मुली वर्गात तोंड उघडत नाहीत, हे त्या वर्गातील गुरुजींना आणि बाईंनाच दिसते. त्यावरील उपायही त्यांच्याच हाती असतो. तो शोधण्याच्या शिस्तबद्ध रीतीला कृतिसंशोधन म्हणतात.

हे नाव शिक्षकांना नवे नाही. मात्र अनेकांच्या लेखी ते परीक्षेपुरत्या लिहिलेल्या अहवालाचे नाव होऊन बसले आहे. मूळ कल्पना तशी नव्हती. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ साली ती मांडली, आणि तीही अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवरील लेखात! १९५३ मध्ये स्टीफन कोरी यांच्या पुस्तकाने ती शाळांपर्यंत नेली.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी हेच केले. १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू झाल्यावर दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ जन्मली ती अशी.

तक्रार नव्हे, समस्या

आपल्याच गावचे उदाहरण घेऊ. इकडच्या खेड्यांत मुलगी घरी ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणते. तिची आई आणि आजीही तसेच बोलतात. ‘पण’च्या जागी ‘खरं’ येते. पुस्तकात मात्र ‘मी आले’ असते. मुलगी बोलू लागली की तिला मध्येच दुरुस्त केले जाते, वर्ग हसतो आणि दुसऱ्या दिवशी ती गप्प बसते.

‘मुली भाषेत कच्च्या आहेत’ ही तक्रार झाली. ‘पाचवीतील मुली सलग चार वाक्ये बोलत नाहीत’ ही समस्या; कारण ती मोजता येते. समजा, बाईंनी आठवडाभर वहीत टिपले: कोण बोलली, किती वाक्ये बोलली, कुठे थांबली. बहुतेकजणी दुरुस्तीपाशीच थांबतात असे दिसले, तर कारण सापडले.

मग उपाय ठरवावा. सहा आठवडे बोलताना कोणाला अडवायचे नाही. रोज दोघींनी घरची एखादी गोष्ट घरच्याच बोलीत सांगायची. नंतर फळ्यावर दोन रकाने काढायचे, एकात घरचे बोलणे, दुसऱ्यात पुस्तकातले. चूक आणि बरोबर असे मथळे द्यायचे नाहीत. मुदत संपली की पहिल्यासारखेच पुन्हा मोजायचे. फरक पडला नाही, तर कारण वेगळे आहे असे समजून उपाय बदलायचा. फसलेला प्रयोगही काही शिकवतोच.

कन्नडच्या तासालाही हीच रीत चालेल. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे ऱ्हस्व व दीर्घ असे वेगळे प्रकार आहेत; मराठी लिपीत तो भेद नाही. श्रुतलेखनातील चुका प्रकारवार मोजल्या, तर मराठी मुलाची अडचण आळसात आहे की या भेदात, हे कळेल.

हक्क आणि जबाबदारी

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी, असे घटनेचे ३५०-अ कलम सांगते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते आले. त्या हक्कासाठी भांडावे लागते, हे सीमावासीयांना सांगायला नको. पण भांडून टिकवलेल्या शाळेत मूल शिकलेच नाही, तर पालक त्याचा हात धरून दुसऱ्या शाळेत नेतील. त्यांना बोल कसा लावणार?

एका वर्गाचा निष्कर्ष दुसऱ्या वर्गाला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे खरे. म्हणूनच शिक्षकांनी आपल्या टिपणवह्या घेऊन एकत्र बसावे, काय साधले आणि काय फसले ते मोकळेपणाने सांगावे. शाळा सुधारणा समितीनेही पटाबरोबर ही वही मागावी. त्यासाठी लागते फक्त एक वही, एक पेन्सिल आणि मुलाच्या चुकीकडे रागाऐवजी कुतूहलाने पाहणारी नजर.