हिवाळ्याचा पट

दिवाळीची सुट्टी संपून खेड्यातील प्राथमिक शाळेचे दुसरे सत्र सुरू होते, तेव्हा गळक्या पत्र्यांखाली बस्करे सरकवीत बसण्याचे दिवस मागे पडलेले असतात, ओढ्याला पाणी आले म्हणून पलीकडच्या वस्तीवरील मुले अडकून पडण्याचा प्रसंग उरलेला नसतो, आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लावून अर्ध्या गावाने हंडे-घागरी मांडून बसण्याचा उन्हाळा अद्याप दूर असतो. हवा कोरडी व निर्मळ, आकाश स्वच्छ, ऊन सुखावह. शरीराला श्रमाचा आणि मनाला एकाग्रतेचा कंटाळा येऊ नये असा हा काळ. विद्याभ्यासाला निसर्गाने नेमून दिलेला ऋतू कोणता, असे कोणी विचारले तर ग्रामीण शिक्षक क्षणाचाही विलंब न लावता हिवाळ्याचे नाव घेईल. परंतु मराठवाड्यातील बालाघाटाच्या पठारावर जो ऋतू शाळेला सर्वांत अनुकूल, तोच तिची मुले तिच्यापासून हिरावून नेतो. या दोन गोष्टी एकत्र ध्यानात घेतल्यावाचून तेथील शाळेचे स्वरूप कळणार नाही.

बालाघाटाची रांग बीड जिल्ह्यातून पसरत जाते. मांजरा नदीचा उगम तिच्याच डोंगरात, पाटोदा तालुक्यात होतो. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, केज, वडवणी या तालुक्यांतील जमीन बरीचशी जिरायत, कित्येक ठिकाणी मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. अशा गावाच्या कडेला जिल्हा परिषदेची शाळा असते. दोन खोल्या, पुढे ओटा, मध्यभागी ध्वजस्तंभ, एका बाजूस लिंबाचे झाड, मागे स्वयंपाकाची लहानशी खोली, आणि भिंतीवर रंगविलेले पाढे, बाराखडी व महाराष्ट्राचा नकाशा, एवढाच तिचा सरंजाम. पहिली ते चौथीचे वर्ग आणि त्यांना मिळून दोन शिक्षक. त्यांपैकी एक मुख्याध्यापक, म्हणजे अध्यापनाखेरीज हजेरीपट, जनरल रजिस्टर, पोषण आहाराची नोंदवही, आवक-जावक आणि वरिष्ठांच्या शेऱ्यांचे पुस्तक हे सारे दप्तर सांभाळणारा गृहस्थ. या संस्थेला वैभव नाही. परंतु गावात शासनाचे म्हणून जे काही नित्य दिसते, त्यात सर्वांत जवळचे आणि सर्वांत विश्वासाचे असे हेच एक घर आहे.

हे घर सहजासहजी उभे राहिलेले नाही. हा मुलूख १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, आणि खेड्यातील कुणब्याच्या मुलाला मायबोलीतून अक्षरओळख करून देणारी शाळा हा दुर्मीळ योग. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि १९६१ च्या अधिनियमान्वये १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. त्यानंतर वाड्या, वस्त्या व तांडे यांपर्यंत शाळा पोहोचत गेल्या. मारुतीच्या देवळात वा पाटलाच्या ओसरीवर भरणारे वर्ग पुढे स्वतःच्या इमारतीत गेले. पुढे २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाचा शिक्षणावरील हक्क मान्य केला, आणि त्याखालील नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरविले. शाळा मुलाजवळ आणण्याचा हा अर्धशतकाचा उद्योग लक्षात घेतला, म्हणजे हिवाळ्यात तेथे काय घडते त्याचे मोल नीट समजते.

हिवाळ्यातील शाळेचा दिवस उन्हाच्या कवडशाने सुरू होतो. परिपाठाची रांग एरवी ओट्यासमोर लागायची, ती या दिवसांत आपसूक उगवतीच्या भिंतीकडे सरकते. डोक्याला कानटोपी, ती नसेल तर वडिलांचा टॉवेल कानांवरून गुंडाळलेला. अंगात थोरल्या भावाचा, बाह्या दुमडलेला स्वेटर. गाल उललेले, पायांना भेगा पडलेल्या आणि त्यांवर आईने रात्री चोळलेल्या तेलाची चमक. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका म्हणताना तोंडातून निघणाऱ्या वाफेकडे पहिलीतील मुले कौतुकाने पाहतात. मग दिनविशेष सांगितला जातो, आणि या ऋतूतील दिनविशेष मोठ्या योग्यतेचे आहेत: ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण, २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती आणि १२ जानेवारीला जिजाऊंची. आयुष्यभर हाती खराटा घेऊन गावे झाडीत हिंडलेल्या आणि मुलांना शिकवा म्हणून जनतेला विनविणाऱ्या बाबांचे स्मरण मुले शाळेचे आवार झाडून करतात, यापेक्षा उचित श्राद्ध दुसरे कोणते असणार?

परिपाठानंतर खोल्यांत गारठा असतो म्हणून वर्ग बाहेरच भरतात. एका शिक्षकाकडे दोन इयत्ता; तिसरीला गणिताची उदाहरणे घालून द्यावी आणि तेवढ्यात पहिलीच्या बोटांना धरून अक्षर गिरवून घ्यावे, असा त्याचा प्रपंच. सावली सरकेल तशी बस्करे सरकतात, आणि जो शिक्षक कल्पक असतो तो या सरकत्या सावलीलाच पाठ्यपुस्तक करतो. ध्वजस्तंभाच्या सावलीच्या टोकाशी रोज भर माध्यान्हीला खडा ठेवावयाचा. डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवशी, ही सावली जवळजवळ स्तंभाच्या उंचीइतकी लांब पडते आणि त्यानंतर दिवसेंदिवस आखडत जाते. सूर्याचे उत्तरेकडे वळणे मुलांनी अशा रीतीने खड्यांच्या ओळीत पाहिलेले असते. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही आणि कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. स्वच्छ आकाश मात्र लागते, आणि ते हिवाळा मुक्तहस्ताने देतो.

दुपारी खिचडी शिजते. पाचवीपर्यंतच्या मुलाला दरदिवशी शंभर ग्रॅम तांदूळ असे प्रमाण ठरलेले आहे. त्यात डाळ वा मटकी, तेल, मीठमसाला आणि बाजारात स्वस्त झालेली ताजी भाजी पडते. पालक, मेथी, गाजर, वाटाणा यांचा मोसम असल्यामुळे हिवाळ्यातील खिचडी रंगाला व चवीला वर्षभरातील उत्तम असते. सकाळी कोरड्या भाकरीचा तुकडा चावीत आलेल्या लेकराच्या पुढ्यातील वाफाळणारे ताट पाहिले, म्हणजे आहाराच्या या व्यवस्थेस केवळ योजना म्हणणे अपुरे वाटते.

शाळेच्या कुंपणाबाहेर याच सुमारास रब्बीची ज्वारी निसवून कणसे भरू लागलेली असतात. शेताच्या बांधाशी आगटी पेटवून कोवळी कणसे भाजावीत, ती तळहातावर चोळून हुरडा पाखडावा आणि गरम असतानाच तोंडात टाकावा, हा सोहळा मुलांना पुस्तकातून शिकवावा लागत नाही. हरभऱ्याचे ढाळे खिशात घेऊनच मुले वर्गात येतात, आणि बोरांच्या दिवसांत बिया मोजूनच पाढे पाठ होतात. लातूर-धाराशिवकडे आणि त्यांना लागून असलेल्या बीडच्या भागात मार्गशीर्षातील अमावास्या ‘वेळा अमावास्या’ म्हणून पाळतात. त्या दिवशी गाव ओस पडतो आणि शेते माणसांनी भरतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, आंबील आणि पालेभाज्या व शेंगदाण्यांची भज्जी यांच्या पंगती उठतात, आणि शिक्षकालाही एखाद्या विद्यार्थ्याच्या शेतात पंगतीला बसल्यावाचून सुटका नसते. गाव आणि शाळा यांचा संबंध त्या पंगतीत जितका दृढ होतो, तितका पालकसभेच्या कार्यवृत्तांतून कधी होत नाही. पुढे संक्रांत येते. वाटाण्याएवढ्या तिळाच्या गोळ्या कागदात बांधून मुले आणतात, कालपर्यंत अबोला धरलेली जोडी एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवते, आणि शिक्षकाच्या टेबलावर लहानसा ढीग साठतो.

क्रीडास्पर्धांचा मोसमही हाच. केंद्र, बीट, तालुका, जिल्हा अशी चढती परंपरा. मैदानावर फक्कीच्या रेषा उमटतात, आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत कवायत होऊन खेळांचा सराव चालतो. पण येथेच हिवाळ्यातील शाळेचे दुसरे अंग प्रथम दृष्टीस पडते. खो-खोच्या डावात नऊ खेळाडू मैदानात उतरावे लागतात: पाठलाग करणारा एक आणि चौकोनांत पाठीला पाठ न लावता, आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसणारे आठ. ऑगस्टमध्ये ज्या शाळेत असे दोन संघ आपसांत खेळत होते, तीत डिसेंबरात नऊचा एक संघही जुळत नाही. कबड्डीला सात लागतात. तेही भरत नाहीत. मग उरलेली मुले लंगडी खेळतात, लगोरी खेळतात, आणि ‘पहिला पळपुट्या कोण होता?’ या प्रश्नाला, ‘तो उसाला गेला,’ असे साधे उत्तर देतात.

‘उसाला जाणे’ हा या भागातील जीवनाचा कणा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. ज्या हत्याराने ऊस तोडावयाचा त्याच्याच नावाने माणसांची मोजदाद व्हावी, इतके ते जीवन त्या हत्याराशी जखडलेले आहे. फडाच्या कडेला कोपी उभारली जाते, पहाटेच्या कडाक्यात तोड सुरू होते, गाडी भरण्याची वेळ रात्री-अपरात्री येते. आईबापांबरोबर गेलेले मूल वाढे गोळा करते, मोळ्या ओढते. आणि ती मुलगी असेल तर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन कोपीसमोर चूल पेटविते. ३ जानेवारीला ज्या सावित्रीबाईंची जयंती ‘बालिका दिन’ म्हणून शाळेत साजरी होते, त्यांनी मुलींच्या शाळेत अध्यापन सुरू केले ते १८४८ साली. आणि त्याच दिवशी पटावरील काही मुली शेकडो कोस दूर उसाच्या फडात असतात. हा विचार मनात आला म्हणजे भाषण करणाऱ्या शिक्षकाचा स्वर क्षणभर अडखळतो.

या स्थितीपुढे शाळा हतबल होऊन बसलेली नाही. गावातच आजी-आजोबांपाशी राहणाऱ्या मुलांसाठी शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली हंगामी वसतिगृह चालविण्याची तरतूद आहे. मूल दिवसा शाळेत शिकते, सकाळ-संध्याकाळ तेथे जेवते आणि रात्री आजीच्या वाकळीत निजते. जी मुले जातातच, त्यांना शिक्षण हमी कार्ड देऊन, ते पाहून जेथे ती पोहोचतील तेथील शाळेने त्यांना बसवून घ्यावे, अशीही योजना आहे. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळांचेही प्रयोग झाले. या व्यवस्थांतील उणिवा अनेक आहेत: अनुदान उशिरा येते, मुकादमाची टोळी एका फडातून दुसऱ्यात हलते आणि कार्डासह मूल वाटेत हरवते. तथापि या सर्वांच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती कागदावरची नव्हे. टोळ्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी शिक्षक घरोघर हिंडून, ‘पोराला म्हातारीपाशी ठेवा, मी बघतो,’ असे सांगतो. त्या शब्दावर विसंबून एखादी माउली लेकराला मागे ठेवून गाडीत बसते, तेव्हा त्या शाळेने आपले सर्वांत मोठे कार्य पार पाडलेले असते.

म्हणूनच शाळेचे मूल्यमापन ज्या मापाने होते त्याविषयी गंभीरपणे विचार झाला पाहिजे. शिक्षकांची पदे ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरविण्याचा प्रघात आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळांत विलीन कराव्यात, असाही विचार वारंवार पुढे येतो. काटकसरीच्या दृष्टीने त्यात तर्क असेल. पण डोंगरावरची वस्ती, सहा वर्षांचे मूल, पहाटेचा गारठा आणि दुसऱ्या गावची वाट यांचा हिशेब त्या तर्कात कोठेच धरलेला नसतो. जवळची शाळा मिटली, म्हणजे आजीपाशी मूल ठेवण्याचे उरलेसुरले कारणही मिटते, आणि तेही कोयत्यामागून चालू लागते. लहान शाळा हा खर्चाचा बोजा नसून स्थलांतराला घातलेला बांध आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बांधावर पाणी कमी दिसते म्हणून तो फोडण्याचा अविचार शेतकरी करीत नाही.

हिवाळा सरतो, पाडव्याच्या सुमारास टोळ्या परततात, आणि उन्हाने काळवंडलेली, उंचीने बोटभर वाढलेली मुले ओट्याच्या पायरीशी संकोचाने उभी राहतात. शिक्षक हजेरीपट उघडतो आणि नाव पुकारतो. ते नाव कमी केलेले नसते.

वाचकहो, आपणांपैकी अनेकांची गावे उसाच्या मुलखात आहेत. या हिवाळ्यात आपल्या रस्त्याकडेला कोपी पडलेली दिसली आणि तिच्यापुढे शाळेच्या वयाचे मूल दिसले, तर त्याचे नाव कोणत्या शाळेच्या पटावर आहे तेवढे विचारा, आणि त्याचे बोट धरून त्याला जवळच्या शाळेत नेऊन पोहोचवा. दाखला सोबत नाही म्हणून त्याला परत पाठविण्याचा अधिकार कायद्याने कोणत्याही शाळेला दिलेला नाही.