पारध्याची पत

कायदा रद्द झाला म्हणजे बाजारातली पत परत येतेच असे नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे शिकारीवर जगणाऱ्या पारध्यांवरही तो शिक्का बसला. आमच्या धाराशिव जिल्ह्यातही त्यांच्या वस्त्या आहेत. १९५२ साली कायदा गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही गेली. शिक्का कागदावरून पुसला, पण हाती धंदा उरला नाही.

माझे वडील सालगडी. गावचा दुकानदार त्यांना उधार देतो, त्यावर घर चालते. म्हणूनच घरातला पहिला मी कॉलेजात आलो. त्याच दुकानात पारध्याला मात्र रोख मोजावे लागते.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. मग व्यापारीच ग्रामसभेच्या दारी आला.

आमच्याकडे तेवढे जंगल नाही. म्हणून पारध्याला कसायला जमीन, बँकेचे कर्ज व बाजारात हक्काची जागा मिळाली पाहिजे. हे दान नव्हे, थकलेले देणे आहे. मित्रहो, ज्याचे खाते आपण वहीत उघडतो, त्यालाच आपण माणसांत धरतो.