जिवाणूविषापासून श्रवणसंरक्षण : चेतापोषक प्रथिनांची शक्यता व मर्यादा

न्यूमोकोकस जिवाणूमुळे होणाऱ्या मस्तिष्कावरणदाहातून (मेनिंजायटिस) वाचलेल्या काही बालकांना कायमचे बहिरेपण येते. या जिवाणूचे न्यूमोलायसिन हे विष पेशीपटलातील कोलेस्टेरॉलला चिकटून तेथे छिद्रे पाडते. त्यामुळे अंतर्कर्णाच्या कॉक्लियातील रोमपेशी व श्रवणचेतापेशी मरतात. मानवात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत.

चेतावर्धक प्रथिनाच्या शोधासाठी रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांना १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच कुळातील बीडीएनएफ व एनटी-३ ही प्रथिने श्रवणचेतापेशींना जगवितात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. रोमपेशी गेल्या तरी चेतापेशी टिकल्यास कॉक्लिअर इम्प्लांट उपयोगी पडते. या संशोधनाचे महत्त्व त्यातच आहे. तथापि ही प्रथिने अल्पकाळ टिकतात, ती अंतर्कर्णात सतत पोहोचविणे कठीण असते. त्यामुळे हा अद्याप रूढ उपचार नाही.

तोपर्यंत मालवण किनाऱ्यावरील बालकाचे खरे संरक्षण लसीकरणातच आहे. सार्वत्रिक लसीकरणात २०२१ पासून देशभर समाविष्ट झालेली न्यूमोकोकल लस ६ व १४ आठवड्यांनी आणि ९ महिन्यांनी दिली जाते. आजार झालाच, तर मूल हाकेला ओ देत नाही हे जाणवेपर्यंत न थांबता श्रवणचाचणी करावी. कारण कॉक्लियात हाड वाढू लागल्यास इम्प्लांट बसविणे अवघड होते.