सह्याद्रीच्या पोटातले दालन

सातारा जिल्ह्यात अडवलेल्या कोयनेचे काही पाणी कृष्णेतून सांगलीकडे जाते. बरेचसे सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पोचते. डोंगरात कोरलेले असे दालन टिकेल का, हे कसे ठरवतात? बसाल्टचा सुटा तुकडा प्रचंड भार पेलतो. पण दख्खनचा कातळ लाव्ह्याचे थरांवर थर साचून झालेला. मधूनमधून मऊ तांबडा थर लागतो. म्हणूनच मला फटींची तपासणी सर्वांत मोलाची वाटते : त्यांची दिशा, अंतर, आतली माती, झिरपणारे पाणी. त्यावरून छताला पोलादी बोल्ट किती नि कुठे, हे ठरते. खोदल्यावरही भिंतींची हालचाल मोजावी लागते. ११ डिसेंबर १९६७ रोजी भूकंपाने हादरलेल्या या परिसरात ते मोजमाप थांबवून चालत नाही.